पांढरी की निळी

मालकानं गाडी घेताना ड्रायव्हरला मत विचारू नये. विचारलं की ड्रायव्हर अडकतो. चांगली म्हणाला आणि ती उद्या रस्त्यात उभी राहिली, तर बोलणी त्यानं खायची. नको म्हणाला, तर मालकाचं मन मोडलं म्हणून तोंड चुकवत फिरायचं. माझं तर त्याच्याही पलीकडचं झालं होतं. दोन गाड्यांतली एक तू निवड, असं मला सांगितलं होतं, आणि मला नोकरीच सोडून घरी जायचं होतं.

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. शाळा सातवीत सुटली, मग ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. आदिलाबादला आलो तो ट्रक घेऊनच. एका जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्याला, मशिनचे सुटे भाग पोचवायचे होते. उतरवताना साखळी सुटली आणि लोखंडी तुळई माझ्या डाव्या पायावर आली. ट्रकमालकाला फोन लावला तर त्यानं आधी विचारलं, गाडीला काही लागलं नाही ना? दुसरा ड्रायव्हर येऊन ट्रक घेऊन गेला. मी राहिलो.

जिनिंगच्या मालकांनी मला स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं घातलं आणि नांदेडला नेलं. गाडी ते स्वतः चालवत होते. दवाखान्यात पाय काढायची गोष्ट निघाली तेव्हा ते डॉक्टरांशी इतकं भांडले, की शेवटी मलाच त्यांना गप्प करावं वाटलं. पाय राहिला. थोडा आखूड पडतो, पण माझा आहे.

त्यांना सगळे पटेल म्हणतात. ते आडनाव नाही. निजामाच्या काळात ज्यांच्या घरात गावची पाटिलकी होती, त्यांना इकडं अजून पटेलच म्हणतात. त्यांचं गाव तलमडुगूकडं, घर आणि जिनिंग आदिलाबादला, एकाच आवारात. पाय भरून आल्यावर मी पिशवी उचलली तर म्हणाले, "जातं कुठं? ट्रकचा क्लच दाबता येते का आता तुले?"

नव्हता येत.

"मंग माही गाडी चालव. तिले क्लच नाही." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

त्या दिवसापासून मी जिनिंगच्या आवारात, वजनकाट्याला लागून असलेल्या खोलीत राहू लागलो. एखादा सीझन काढू आणि जाऊ, असं मनात होतं. सीझनमागून सीझन गेले. गावाकडं लग्न झालं, पोरगी झाली, पोरगी शाळेत जायला लागली, आणि मी वर्षातनं दोनदा जाऊन पाहुण्यासारखा राहून येत राहिलो. बोलीची तर पार खिचडी झाली. इथं मी 'व्हय' म्हटलं की हमाल हसतात. घरी फोनवर चुकून 'का'च्या जागी 'काऊन' निघालं की पोरगी हसते आणि आईला ओरडून सांगते, "पपा बघ कसं बोलाय लागल्यात!"

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला बायकोचा फोन आला. गावच्या दूध डेअरीला नवीन गाडी येणार होती. वाड्यावस्त्यांवरचे कॅन गोळा करून चिलिंग सेंटरला पोचवायचे, दोन वेळचं काम, जेवायला आणि झोपायला घरी. डेअरीचा चेअरमन तिच्या माहेरकडचा.

"तुमचं नाव घातलंय मी," ती म्हणाली. "तुळशीच्या लग्नापतोर सांगा म्हणालेत. न्हाई तर दुसरा माणूस बघत्यात. पटेलांस्नी सांगा तुम्ही."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं की."

रोज सकाळी काच पुसता पुसता मी वाक्य जुळवायचो. 'पटेल, मला एक बोलायचं होतं.' हे जमायचं. पुढचं जमायचं नाही. तेवढ्यात पटेल येऊन डाव्या बाजूचं दार उघडायचे, बसायचे, आणि पट्टा लावता लावता विचारायचे, "पाय कसा हाय?" इतकी वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. ज्या पायाबद्दल माणूस रोज विचारतो, त्या पायानं त्याच्या दारातनं कसं निघायचं? मी म्हणायचो, "बरा आहे," आणि गाडी सुरू करायचो.

अशातच एका सकाळी ते म्हणाले, "आता एक झकास बंडी घ्याची."

बंडी म्हणजे इकडं गाडी. नांदेडला कुठल्या लग्नात त्यांनी एक बुटकी, लांबडी गाडी पाहिली होती. "मांजरावाणी बसते रे जमिनीले टेकून," ते सांगायचे. "आन निघाली की आवाजच नाही. मागून पाह्यलं तं दोन लाल डोळे, बस." आत्तापर्यंत त्यांच्याकडं सगळ्या उंच गाड्या. कापसाचं गाव, कच्चे रस्ते, उंचच लागायच्या. पण त्या मांजरानं त्यांना धरलं ते धरलंच.

शोधता शोधता दोन नावं उरली, दोन्ही परदेशी कंपन्यांची. नावं इथं घेत नाही, आम्हीही घेत नव्हतो. एक पांढरी, एक निळी. रोज दुपारी जेवण झालं की पटेल मला ऑफिसात बोलवायचे आणि माझ्या मोबाईलवर दोन्हींच्या तुलनेचे व्हिडिओ लावायला सांगायचे, कारण त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा. व्हिडिओतला पोरगा हिंदीत घाईघाईनं सांगायचा, शून्यापासून शंभरपर्यंत ही इतक्यात जाते, ती तितक्यात.

"शंभरावर जाऊन थांबाचं कुठं बापा?" पटेल म्हणायचे. "गुडीहत्नूरच्या चौकात बैल आडवा असते."

"ब्रेक पण तसेच आहेत म्हणतोय तो."

"बैलाले सांगा म्हणा."

वजनकाट्यावरचा माणूस दारातनं डोकावून म्हणायचा, "पटेल, दोन्हीत मिळून कापसाचं एक गाठोडं मावणार नाही. कायची गाडी ही!"

"तुले कोण बसून राह्यलं त्यात?"

हसणं व्हायचं. मीही हसायचो. पण दोनचार व्हिडिओ पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मग माझं हसणं वरवरचं झालं.

पांढरी ही बसायची गाडी होती. म्हणायला स्पोर्ट, पण तिचा सगळा लाड मागच्या सीटवर. पाय पसरायला जागा, मागं पडदे, मागंच एसीची बटणं. जो पांढरी घेतो तो मागं बसतो, आणि पुढं कुणीतरी पगारी लागतो. निळी ही चालवायची गाडी. मागची सीट नावापुरती. तिचं सगळं काम स्टिअरिंगवरच्या माणसासाठी. जो निळी घेतो, तो किल्ली दुसऱ्याला देत नाही.

म्हणजे पांढरी आली तर तिच्याबरोबर मी आलोच. निळी आली तर वाट मोकळी. आणि पटेल मला म्हणत होते, "तू दोन्ही चालवून पाह्य आन मले सांग. तुह्या शब्दावर घेतो."

दसरा झाला. जिनिंग सुरू झालं. एका सकाळी हैदराबादहून दोन्ही गाड्या आल्या, प्रत्येकीबरोबर कंपनीचा एकेक पोरगा. पटेलांनी दोघांना मुद्दाम एकाच वेळेला बोलावलं होतं. कापसाचे दोन नमुने शेजारी शेजारी ठेवल्याबिगर कळत नाही, हा त्यांचा जन्माचा हिशोब. त्या पोरांना ते माहीत नव्हतं. आवारात समोरासमोर आल्यावर दोघं एकमेकांकडं बघून असे हसले, जसे एकाच घरी मुलगी बघायला आलेले दोन नवरे.

निघण्याआधी पटेलांनी मला बाजूला घेतलं. "त्यांच्यापुढं चांगली म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. मी दस्तीखाली इचारीन."

खांद्यावरच्या मोठ्या रुमालाला इकडं दस्ती म्हणतात. पूर्वी कापसाचा सौदा दस्तीखाली व्हायचा. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात रुमालानं झाकायचे आणि बोटं धरून भाव सांगायचे, म्हणजे भोवतीच्या गर्दीला कळायचं नाही. यार्डातनं ती पद्धत गेली, पण पटेलांच्या हातातनं गेली नाही. कुठं जमीन बघायला गेलो, बैल बघायला गेलो, की ते माझा हात रुमालाखाली घ्यायचे. दस्तीचा एक नियम आहे. तिथं बोटांनी सांगितलं ते सांगितलं. वर तोंडानं फिरवायचं नाही.

"पांढरी असंन तं माह्यं एक बोट धर. निळी असंन तं दोन."

"बरं."

"घाबरून काऊन राह्यला? तुले थोडीच घ्याची हाय."

आधी पांढरी काढली. पटेल नेहमीप्रमाणं माझ्या शेजारी, मागं वहिनी, म्हणजे पटेलांच्या बायको, आणि त्यांच्या बाजूला तो पांढरीवाला पोरगा. वहिनींचे गुडघे दुखतात. गाडी इतकी खाली, की त्या आधी दाराला धरून उभ्याच राहिल्या. मग अंग सोडून दिलं आणि आत गेल्या. "बसली बाई एकदाची," त्या म्हणाल्या. "पण आता मले काढंन कोण?"

"मॅडम, सीट की मसाज ऑन करूँ?" पोरगा म्हणाला.

"नको रे बापा. अनोळखी बंडीचा कायले हात लावून घ्यायचा?"

आम्ही तलमडुगूच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, मधेमधे ज्वारी. गाडी मऊ होती, खोटं का सांगू. खड्ड्यावरून जायची तर खड्डा दुसऱ्या कुणाचा वाटायचा. पण वळणावर ती झोकांडी द्यायची, आणि स्टिअरिंगमध्ये काही कळायचं नाही. चाक कुठं आहे, डांबर संपून मुरूम कुठं सुरू झाला, काही नाही. गावाच्या तोंडाशी गतिरोधक होता. मी तिरकी घातली, तरी पोटाखाली खर्र झालं.

"घासलं वाटते बिचारीचं," वहिनी म्हणाल्या.

"हल्का सा, मॅडम."

परत आल्यावर मी डिकी उघडायला लावली. आत सगळं मखमलीसारखं, स्टेपनी नाही. दोन्ही गाड्यांना नव्हती. पंक्चर झालं तरी टायर चालतो म्हणाले. ट्रकवर वाढलेल्या माणसाला स्टेपनीशिवाय निघणं म्हणजे चप्पल विसरून निघाल्यासारखं वाटतं. पटेल म्हणाले, "पंक्चर झाली तरी चालते! मंग पंक्चरवाल्यानं खायचं काय?"

मग निळी. मागं निळीवाल्या पोराशेजारी वहिनी गुडघे छातीशी घेऊन बसल्या. "हे बसाले हाय का लपाले?" त्या म्हणाल्या. पण उतरल्या नाहीत.

हायवेला लागलो आणि मी थोडा वेळ सगळं विसरलो. घर विसरलो, डेअरी विसरलो. आयुष्यात मी फार वाहनं चालवलीत, पण अशी नाही. रस्ता हातात येत होता. पायानं नुसतं मनात आणावं आणि गाडीनं जावं, असं. लेन बदलायची म्हटलं की अंग बदलल्यासारखी बदलायची, डुलायची नाही. मी गुपचूप शेजारी बघितलं. पटेलांचा उजवा पाय खालच्या मॅटवर होता आणि मी ब्रेक मारला की तो दाबला जात होता. ते काही पहिल्यांदा नव्हतं. इतकी वर्षं तो पाय तसाच दाबला जायचा. मला वाटायचं, माझ्या चालवण्याची भीती वाटते त्यांना.

मागनं वहिनी म्हणाल्या, "तू यायच्या आधी हे सोताच चालवत. कोणाले हात लावू देत नव्हते गाडीले. मले सांगत, ड्रायव्हर ठेवला तं मी म्हातारा झालो समज."

"चूप ना," पटेल म्हणाले.

"खोटं हाय का? मंग तुले काम पायजे होतं म्हून सोडलं."

मी समोर बघत राहिलो. रस्ता सरळ होता, बघण्यासारखं काही नव्हतं. मला किल्ली दिली, एवढंच मी समजत होतो. ती कुठनं काढून दिली हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

परत येताना मार्केट यार्डाच्या रस्त्यावर अडकलो. कापसाचे ट्रॅक्टर, टेम्पो, एकाला एक चिकटून उभे. पुढं एक ट्रॉली, ताडपत्रीतनं कापूस बाहेर आलेला. मागं दुसरी येऊन लागली. दोन्ही बाजूंना तेच. आम्ही इतके खाली होतो की काचेतनं नुसती चाकं दिसत होती, ट्रॉल्यांची मोठमोठी मळकी चाकं. मागं पुढं व्हायला हातभर जागा नाही. निळीवाला पोरगा वहिनींना छतावरचा झरोका कसा उघडतो ते दाखवत होता, आणि वरून कापसाचे तंतू आत येत होते.

पटेलांनी खांद्यावरची दस्ती काढली, गिअरच्या बाजूला माझ्या डाव्या हातावर टाकली, आणि खाली स्वतःचा हात घातला. बोटं मोकळी ठेवली.

ते माझ्याकडं बघत नव्हते. दस्तीखाली विचारताना तोंडाकडं बघायचं नसतं.

मी दोन्ही गाड्या मनात पुन्हा चालवून बघितल्या. निळी चांगली होती. माझ्यातल्या ड्रायव्हरला विचारलं तर निळी. पटेलांच्या त्या मॅट दाबणाऱ्या पायाला विचारलं तर निळी. पण घरी जायला निघालेल्या माणसाला विचारलं तरी निळीच, आणि तिथंच माझं घोडं अडत होतं. तिघांचं एकच उत्तर येतंय म्हणजे त्यातला एक दुसऱ्या दोघांना पढवून ठेवतोय, असं वाटायला लागलं. खरं आणि फायद्याचं वेगवेगळं असतं तर बरं झालं असतं. निदान कोणतं सोडायचं ते कळलं असतं. पांढरी सांगावी आणि राहावं, म्हणजे निदान कुणी स्वार्थी म्हणणार नाही. पण मग त्यांना खोटी गाडी दिल्यासारखं होणार, आणि तेही दस्तीखाली, जिथनं परत फिरता येत नाही.

हाताला घाम आला. त्यांनाही कळला असणार. त्यांनी हात काढला नाही. घाईही केली नाही. पुढच्या ट्रॉलीवरचा माणूस उतरून कडेला जाऊन आला, पुन्हा चढून बसला.

मी त्यांची दोन बोटं धरली.

पटेलांनी क्षणभर माझा हात तसाच राहू दिला. मग दस्ती ओढली, घडी घातली, खांद्यावर टाकली. "सरे," ते म्हणाले. ठीक आहे, याला इकडं तेलुगूत सरे म्हणतात. तेवढंच.

दिवाळीच्या पाडव्याला निळी आली. चाकाखाली लिंबू ठेवायचं तर गुडघ्यांमुळं वहिनींना वाकता येईना; तेही काम मीच केलं. पटेल उजव्या बाजूनं आत बसले. मी मागं सरकलो. म्हटलं, झालं. आता आज संध्याकाळी सांगायचं.

"उभा काऊन हाय? बस ना बाजूले."

बसलो. वाटलं, पहिला दिवस आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "बस बाजूले." तिसऱ्या दिवशीही. ते चालवत चांगले, पण इतक्या वर्षांत हात थिजले होते. गाडी नुसतं बोट लावलं तर उधळायची आणि पटेल दचकायचे. समोरनं लॉरी आली की "जाईन ना? जाईन ना?" असं मला विचारायचे. मी "जाईल" म्हटलं की जायचे. "तू असला की मले धीर वाटते," ते म्हणाले. "तू नसला तं मी गाडी काढतच नाही पाह्य."

आता त्यांना कामाशिवायही बाहेर पडावं वाटायचं. चहा प्यायला गुडीहत्नूर, भजी खायला कुठं तरी पुढं. आधी मी गाडी चालवायचो आणि ते आत कुणाच्या घरी बोलत बसले की माझा वेळ माझा असायचा. झाडाखाली बसा, घरी फोन करा. आता तोही गेला. मी प्रवासी झालो होतो. हात मांडीवर ठेवून, पट्टा लावून, दुसऱ्याच्या हातात जीव देऊन बसायचं. आता माझा उजवा पाय मॅट दाबत राहायचा. कुणी रस्त्यात ओळखीचं भेटलं की पटेल काच खाली करून म्हणायचे, "आमच्या ड्रायव्हरले फिरवून राह्यलो!" आणि लोक हसायचे, आणि पटेल इतके खुलायचे की त्यांच्याकडं बघून मलाही बरं वाटायचं. तेच वाईट होतं. बरं वाटत होतं.

बायकोचा फोन आला. "सांगितलासा?"

"आता ते स्वतः चालवतात."

"मग सुटलासा की!"

"मला बाजूला बसवतात."

ती म्हणाली, "नुसतं बसायला एवढ्या लांब कशाला पायजे माणूस? इथं आमच्या बाजूला बसा."

तुळशीचं लग्न जवळ आलं होतं.

गुडीहत्नूरहून परत येत होतो. दुपारची वेळ, हायवे मोकळा. पटेल त्या दिवशी निवांत चालवत होते, एका हातानं. स्टिअरिंग माझ्या हातात असलं की मला कधी बोलता आलं नाही; चालवताना बोलायचं नसतं ही क्लीनरपणापासूनची सवय. पण आता हात रिकामे होते. धरायला काहीच नव्हतं.

"पटेल, मला घरी जायचंय."

"जाऊन ये ना. कायले इचारतं?"

"कायमचं."

गाडीचा वेग कमी झाला. मी डेअरीचं सांगितलं, पोरीचं सांगितलं. वाक्य जुळवलेलं होतं तसं एकही आलं नाही.

त्यांनी विचारलं, "कधीपासून हाय हे मनात?"

"पावसाळ्यापासून."

"म्हणजे गाड्या पाहाच्या आधीपासून."

"हो."

"मंग निळी काऊन म्हणला?"

"चांगली आहे म्हणून."

"आन?"

मागनं कुणीतरी हॉर्न देऊन पुढं गेलं. "आणि तुम्ही स्वतः चालवाल म्हणून," मी म्हणालो.

मला वाटलं, आता गाडी थांबवून उतर म्हणतील. उतरायची तयारीही होती माझी. ते म्हणाले, "म्हणजे मले ड्रायव्हर करून तू निघाला."

त्यात राग होता की हसू होतं, मला ओळखता आलं नाही. आवारात आल्यावर त्यांनी गाडी लावली आणि न बघता आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं घेऊन बाहेर आलो तर गाडी जागेवर नव्हती. वॉचमन म्हणाला, "पटेल घेऊन गेले."

"बरोबर कोण?"

"कोणीच नाही."

सीझनचे दिवस, सगळा रस्ता ट्रॅक्टरांनी भरलेला, आणि माणूस समोरनं लॉरी आली की 'जाईन ना' विचारणारा. फोन लावला, उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मी फाटकात जाऊन उभा राहिलो. वहिनी गॅलरीतनं म्हणाल्या, "तुले नाही नेलं?" मी मान हलवली. त्या खाली आल्या, गुडघे दुखत असताना, आणि माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "काही बोलले काय दोघं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नुसतं "हं" केलं आणि रस्त्याकडं बघत राहिल्या. कापसाच्या गाड्या येत होत्या, काट्यावर चढत होत्या, उतरत होत्या. प्रत्येक हॉर्नला आम्ही दोघं मान वळवायचो.

दुपार उलटल्यावर निळी आली. आत वळताना नीट वळली. पटेल उतरले, दार लावलं, आणि पलीकडं जाऊन उभे राहिले. मी गेलो. डावी बाजू पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत सरळ खरवडलेली होती. रंग निघून आतलं पांढरं दिसत होतं. आरसा दुमडून लोंबत होता.

"तुम्हाला लागलं का?" मी विचारलं.

"ट्रॉलीवाल्यानं दाबली. नाही, खोटं कायले बोलू, मीच जास्त घेतली." ते ओरखड्याकडं बघत होते, पोरानं केलेल्या चित्राकडं बघावं तसं. "बेज्जूरकडं जाऊन आलो. एकटा. जंगलातला रस्ता हाय तिकडं, दोन जागी थांबलो. पण जाऊन आलो."

बेज्जूर म्हणजे पार प्राणहितेच्या अंगाला. मी असतानाही आम्ही तिकडं गाडी नेली नव्हती.

"मी आज नांदेडला नेतो गाडी," मी म्हणालो. "माझ्या ओळखीचा आहे, डेंटिंगवाला. रंग जुळायला आठपंधरा दिवस घेईल. ती नीट झाली की मी जातो."

"नाही."

"असं टाकून कसं जाऊ?"

पटेल माझ्याकडं वळले. डोळे लाल झाले होते. उन्हानं असतील, एवढा वेळ सवय नाही राहिली त्यांना. "हे मिटवाले तू थांबला, तं मी उद्या दुसरी बाजू घासून आणतो," ते म्हणाले. "सीझनच्या बस भरून जाऊन राह्यल्या. तिकीट पाह्य जाय."

वहिनी म्हणाल्या, "जाय बापा. नाही तं हा माणूस अख्खी गाडी सोलून काढंन."

मी खोलीत आलो. घरी जायची इतकी वर्षं वाट बघितली, आणि आता पिशवी काढली तर काय भरावं सुचेना. दारातनं ती खरवडलेली बाजू दिसत होती, आणि शेजारी पटेल, आरसा जागेवर बसवायचा प्रयत्न करणारे. जाऊन मदत करावी म्हणून दोनदा उठलो, दोनदा बसलो. त्यांनी जा म्हटलं होतं. पण असं जा म्हटल्यावर माणूस पहिल्यापेक्षा घट्ट बांधला जातो, हे त्यांना कोण सांगणार?

बायकोला फोन लावला.

"गाडीला ओरखडा पडलाय," मी म्हणालो. "एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत."

"कुणाच्या हातनं?"

"पटेलांच्या. एकटेच गेले होते."

पलीकडं भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला. पोरगी काहीतरी विचारत होती, तिला तिनं गप्प केलं.

"व्हय?" ती म्हणाली. "मग येताय म्हणा की."